आती सास, जाती सास

आंबागड, ता. तुमसर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

देवका,

पत्र पाहून दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. इथे कोणी गेलेलं नाही, कोणी दवाखान्यात नाही. सगळे बरे आहेत. तिकडे तुझ्या घरी कोंढ्यालाही सगळे बरे असतील असं धरून चालते. विचारायचं तोंड नाही, म्हणून विचारत नाही.

धान कापून झाला. यंदा बांध्यांमधलं पाणी लवकर हटलंच नाही, चिखलातच कापावा लागला. वीरेंद्रची कंबर धरली आहे, पण बापासारखाच आहे, सांगत नाही, नुसता भिंतीला पाठ घासतो. खुशबू बारावीला आहे. डिंपल तशीच, हात चालतो तितकंच तोंड चालतं. सून म्हणून वाईट नाही. मी सासू म्हणून कशी, ते तिला विचार.

मी पत्र लिहायला बसले तर वीरेंद्र म्हणतो, "आई, फोन लावून देतो ना! आता कागद कोण लिहिते?"

मी म्हटलं, "मले फोनवर बोलता येत नाही."

"सकाळपासून तिघींसंग बोलली तू!"

खरं आहे त्याचं. पण तुझ्याशी फोनवर नको. का नको ते पुढे येईल, मला धीर झाला तर.

अक्षर ओळखलंस का? तुझंच आहे. मी सतराची, नवी नवरी, तू बाराची, सहावीत. धान साठवायच्या ढोलीमागे बसवून तिच्याच अंगावर कोळशानं गिरवून घेतलंस. पहिल्या दिवशी माझं नाव, दुसऱ्या दिवशी तुझं. "वैनी, श ले आधी पोट काढ, मग पाय दे." तुझी आई बाहेरून ओरडायची, "ढोली काळी करून राहिल्या दोघी! धानाले काय अक्षरं फुटणार हायेत का वो?" आणि आपण तोंडात पदर कोंबून हसत होतो. ती ढोली आता मोडली. पण माझ्या श चं पोट अजून तसंच मोठं येतं बघ.

दुसरी बातमी म्हणजे, मी ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले. हसू नको.

तुझे दादा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं झाली, मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखं होतं. भाकरी तव्यावर टाकते आणि गोठ्यात जाऊन उभी राहते, मग आठवत नाही कशाला आले. जप केला, तर माळ हातात फिरते आणि मन तिकडे चुलीपाशी. सोमवार धरले. गायमुखच्या महादेवाला अनवाणी जाऊन आले. बायकांच्या भजनात टाळ धरला, सुंदरबाई म्हणाली, "शकुनबाई, टाळ वाजवून राहिली का भांडे घासून राहिली?" एका महाराजांच्या सत्संगात महिनाभर गेले. ते म्हणाले, सगळं देवाच्या पायावर टाका आणि मोकळे व्हा. मी टाकायला गेले. पण जे टाकायचं ते उघडून तर पाहावं लागतं ना आधी! तेच होईना. गाठोडं तसंच काखेत घेऊन परत.

डिंपलनं कुठूनसं ऐकलं, तुमसरला सात दिवसांचं शिबिर आहे, मन शांत होतं. तिलाही डोकेदुखी, म्हणून दोघी गेलो. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि सात दिवस बोलायचं नाही. डिंपल न बोलता राहणार हे पाहायलाच मी गेले म्हण ना.

पण तिथे जे झालं ते तुलाच सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाला त्याची गंमत कळेल, बाकीचं कळणार नाही.

गाय ओरडते आहे. उठते.

मंगळवार, सकाळ

गाईचं काम काल लगेच झालं होतं. खरं म्हणजे मी उठून गेले ते गेलेच. आज धरून बसले आहे.

तर ऐक. शिकवणाऱ्या उषाताई नागपूरच्या, सगळं हिंदीतून. मोठा हॉल, बायका ओळीनं बसलेल्या, समोर लाऊडस्पीकर. माझा डावा कान गेलेला तुला माहीत आहे, आणि नेमका स्पीकर माझ्या डाव्या अंगाला. डोळे मिटायला सांगितले आणि ताईंचा आवाज आला, "बाहर कहीं नहीं जाना है. बस, अपनी सास को देखो. आती सास को देखो, जाती सास को देखो."

मी म्हटलं, अगं बाई! हे कसलं ध्यान?

पुन्हा तेच. "सास जैसी है, वैसी देखो. उसे बदलना नहीं है. सास जनम से मरण तक साथ रहती है."

मी मनात म्हटलं, जन्मापासून कशी, लग्नापासून म्हणा. पण शिकलेली बाई, काहीतरी विचार करूनच सांगत असेल. सगळ्या सुनाच बसल्या होत्या समोर. घराघरात सासू-सुनेचंच तर दुखणं, मग तिथूनच मन शांत करायचं असेल. मला पटलं, देवका, अगदी पटलं. एक डोळा किलकिला करून बाजूला पाहिलं, तर डिंपल डोळे मिटून बसलेली. म्हटलं, आता ही मला पाहत असेल. मी पदर नीट केला, जरा ताठ बसले.

मग मीही डोळे मिटले आणि तुझ्या आईला पाहायला लागले.

पहिल्या दिवशी आल्या त्या रागातच. हिरवं लुगडं, कमरेला चुन्याची डबी. "कढी आहे का धुणं धुतलेलं पाणी वो?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं, पण ताई म्हणाल्या होत्या, बदलायचं नाही, नुसतं पाहायचं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उलट उत्तर न देता पूर्ण पाहिलं. नाकाच्या बाजूला मस होता. मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्रच्या बाळंतपणातल्या आल्या. अंग शेकून देत होत्या, तोंडानं शिव्या चालू. जेवायला बसवलं तर आपल्या ताटातलं तूप माझ्या भातावर ओतलं आणि म्हणाल्या, "खा. कोणाले सांगू नको." मी खरंच कोणाला सांगितलं नाही. तुलाही आज पहिल्यांदा. वाईट तेवढं सांगत फिरले आणि चांगलं, त्यांनी सांगितलं तसं, लपवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्या खाटेवर आल्या. ती खाट तुला माहीत आहे, सपरीतली, ओसरीवरची. आणि तिथेच थांबल्या. ताई सांगतात, जाती सास को देखो. माझी जाईचना. खाटेवर पडून दरवाज्याकडे पाहते. मी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, दरवाज्याकडेच.

त्या संध्याकाळी उषाताई एकेकीला जवळ बोलवून विचारत होत्या, तेवढंच बोलायची मुभा. डिंपल आणि मी दोघी सोबतच गेलो.

"अम्मा, सास दिख रही है?"

"दिसते जी. चांगली साफ दिसते."

"बहुत अच्छा. कैसी है? तेज है कि धीमी?"

मी म्हटलं, "आधी तेज होती जी, लय तेज. आता खाटेवर हाय, लकवा झाला ना. दरवाज्याकडे पाहून राहिली."

डिंपलच्या नाकातून असा आवाज निघाला जसं कुकरची शिट्टी. तीन दिवसांचं मौन तिथेच फुटलं. "आई! सास नाही वो, साँस! दम! दम पाहाचा होता, नाकातला!"

सगळा हॉल हसला. मागच्या ओळीतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. "अवं, या बाईनं तीन दिवस सासू पाहिली!" उषाताईही हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, का नाही हसणार! पण मग माझं हसू थांबेना, आणि पाहता पाहता ते हसू राहिलंच नाही. डिंपल घाबरली. "काहून रडता जी? चुकते माणूस." ती मला चुकीबद्दल समजावत होती, बिचारी. कोणत्या चुकीबद्दल, ते तिला कुठे ठाऊक.

दुसऱ्या दिवशीपासून मी दम पाहिला. खोटं नाही सांगत, प्रामाणिकपणे पाहिला. आत जातो, बाहेर येतो. बाकीच्यांना थंडावा वाटत होता म्हणे, एकीला उजेड दिसला. मला दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटलं. चालता येतं, पण पाय आपला वाटत नाही. मी ताईंना म्हटलं, "ताई, मी तेच पाहू का जी? माझं थे अर्धं राहिलं." त्या मायेनंच म्हणाल्या, "नहीं अम्मा, रास्ता यह नहीं है." मी मान हलवली, जागेवर जाऊन बसले, डोळे मिटले. डोळे मिटल्यावर कोण कोणाला पाहतं ते कोणाला दिसतं? उरलेले दिवस मी तुझ्या आईपाशीच बसले.

घरी आल्यावरही तेच चालू आहे. सकाळी सडा-सारवण झालं की सपरीत, जिथे खाट होती तिथे जमिनीवर बसते. बसले की पाय ओढतात, ऊठ ऊठ करतात. तरी बसते. आई दरवाज्याकडे पाहते आणि विचारते. रोज एकच.

काय विचारते ते लिहायलाच हे पत्र काढलं होतं. आणि दोन दिवस झाले, मी कढी आणि मस आणि कुकरची शिट्टी सांगते आहे. ताकाला आले आणि गडवा पदराखाली धरून बसले.

गुरुवार, २१ तारीख

काल लिहिलं नाही. पाच वेळा कागद काढला, पाच वेळा ठेवला. खुशबू म्हणाली, "आजी, परीक्षा तुही हाय का माही?"

आता एका दमात लिहिते. मधे थांबले तर पुन्हा व्हायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा जुलै. शेतात रोवणा लागलेला, धानाची लावणी. आईला लकवा होऊन वीस महिने झाले होते. ते वीस महिने मी कसे काढले ते सांगत नाही, उपकार काढल्यासारखं होईल. त्या सोमवारी सकाळी मी त्यांना पेज पाजत होते. त्यांनी डोळे उघडले, माझा हात धरला, कितीतरी दिवसांनी इतका घट्ट, आणि म्हणाल्या, "देवका, तूच पाहतेस बाई मले. शकुन कोठं मेली?"

पेजेची वाटी माझ्या हातात होती. माझ्या हातची पेज, आणि तुझं नाव.

त्यांना कळत नव्हतं, मला कळत होतं की त्यांना कळत नाही. तरी आतून काहीतरी तडकलं.

बांधीत जाताना तुझ्या दादांनी फोन माझ्या हाती दिला. घरात तो एकच फोन. म्हणाले, "देवकाले बलाव. आईचं काही खरं दिसत नाही." मी फोन उघडला. त्यात तुझं नाव निघालं. ती तीन अक्षरं मला वाचता येत होती, कारण तू ढोलीवर गिरवून घेतली होतीस. अंगठा त्यावर ठेवला.

दाबला नाही.

मग मी खाटेपाशी गेले. बंद फोन कानाला लावला आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलले, "हो देवका… हो… लवकर निघ वो, आई वाट पाहून राहिली." आईचं अर्धं तोंड हसलं. म्हणाल्या, "मले दरवाज्याकडे तोंड करून दे." मी खाट फिरवून दिली. माझ्या या हातांनी.

संध्याकाळी दादांनी पाय धुता धुता विचारलं, "येते का?" मी म्हटलं, "रोवणा हाय म्हणते. पाहते म्हणते." त्यांनी तांब्या दगडावर आपटला. बस, तेवढंच.

मंगळवारी मनात आलं, आज लावते. पण लावला तर कालचं उघडं पडणार. म्हणून नाही लावला. आई दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आली का वो?" मी म्हणायची, "निघाली." बुधवारी सकाळी म्हटलं, "भंडाऱ्यापर्यंत आली." दुपारी पुन्हा विचारलं, "आली का वो?" मी म्हटलं, "तुमसरले आली. आता येतेच." त्या तशाच पाहत राहिल्या. मी वाटी धुऊन परत आले तर डोळे उघडे होते आणि बाकी काही नव्हतं.

मग वीरेंद्रनं तुला फोन केला. पावसानं थोडी उघडीप दिली तशी लोकांनी घाई केली. तू पोचलीस तेव्हा सरण पेटलेलं होतं. तू दादांची बाही धरलीस. "दादा, जित्यापणी एक फोन नाही करता आला?" आणि ते म्हणाले, "तुले फुरसत तरी होती का?" तुला वाटलं, टोमणा मारला. त्यांना वाटलं, बहीण वरून तोंड करते. तुम्ही दोघंही खरं बोलत होता, देवका. मधे मी उभी होते, पाण्याचा गडवा घेऊन, आणि मला एक शब्द बोलायचा होता. एकच.

त्यानंतर दादा असेपर्यंत तू आली नाहीस. राखीही पाठवली नाहीस. राखीच्या दिवशी ते अंघोळ करून धुतलेला सदरा घालून सपरीत बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "उगाच, हवेला बसलो." बारा वाजले की सदरा काढून खुंटीला लावायचे आणि शेतावर जायचे. आठ वर्षं मी ते पाहिलं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात दोन वेळा सांगायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांना औषध पाजून आपलं तोंड मिटलं. ते तुझ्यावर रुसून गेले. त्यांच्या तेरवीला तू दारात उभी राहिलीस, पाणी नको म्हणालीस, दारातूनच फिरलीस. ती भिंत तुमच्या दोघांची नव्हती. मी एकटीनं बांधली, आणि लोकांना सांगत फिरले की बहीण-भावाचं पटत नाही, काय करावं!

आणि आईबद्दल सांगत फिरले की शांतपणे गेल्या, समाधानानं गेल्या. ताई म्हणाल्या होत्या ना, बदलू नका. अकरा वर्षं मी तिला बदलूनच तर सांगत होते.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल नाही तर नाकारावी लागेल. दोन्हीचं ओझं तुझ्यावर येईल. तुला राग येईल तो येऊ दे. वीरेंद्र आणि डिंपललाही आज जेवताना सांगणार आहे, म्हणजे पत्र पेटीत टाकायच्या आधी माझे परतीचे दोर कापले जातील.

मला माहीत नाही, हे ध्यान आहे का काय आहे. उषाताई म्हणाल्या रस्ता हा नाही, नसेलही. लोकांना डोळे मिटले की उजेड दिसतो. माझा देव सासूचं तोंड घेऊन खाटेवर पडला आहे आणि रोज सकाळी विचारतो, "आली का वो?" आणि आता मला "निघाली" म्हणता येत नाही. जप सुटला, सोमवार सुटले, पण हे बसणं सुटत नाही. इतकी वर्षं जिथून पळत होते तिथेच बसावं लागतं, एवढं मात्र कळलं. शांती मिळाली म्हणशील तर नाही. पण आता पळत नाही.

म्हणून एक मागते. माझ्यासाठी नाही.

एकदा ये. त्या दरवाज्यातून आत ये आणि सपरीत क्षणभर बस, डाव्या हाताला, खांबापाशी. खाट तिथे होती. तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी मी घरी राहणार नाही. डिंपलला निरोप दे, मी सकाळीच गायमुखला निघून जाईन, तू परत फिरेपर्यंत येणार नाही. माझं तोंड पाहावं लागणार नाही. पाणी डिंपल देईल, तिच्या हातचं घे, त्यात माझं काही नाही. तुझ्या दादांचा तो सदरा खुंटीलाच आहे, धुऊन ठेवला आहे. वाटलं तर त्याला हात लाव, नाही तर नको.

पण ये. तिचं तोंड मी दरवाज्याकडे करून दिलं होतं, ती अजून तिकडेच पाहून राहिली आहे. तू आत आलीस की ती जाईल.

खाली "तुझी वहिनी" लिहिलं होतं. खोडलं, दिसेल तुला.

तुझ्या आईची सून,
शकुन
(हे नाव तूच लिहायला शिकवलंस. दुसरं तुझं शिकवलंस. ते आज पाकिटावर नीट लिहिते, आणि या वेळी पाठवते.)